चपलांपाशीची जागा

तव्यावरची भाकरी उलटायची तशीच ठेवून सिप्पोरानं दार उघडलं. उलथनं हातातच होतं. दारात हायमकाका उभे. अंगात इस्त्रीचा काळा कोट, डोक्यावर टोपी, आणि तोंड असं, की जणू शेजारी उसनं मागायला आलेत.

"मोजेस आहे का गं?"

"आहे. का?"

"सिमसनला जाऊन आज सातवा दिवस. मलिदा मांडून तयार आहे. दिवस बुडायच्या आत अश्काबा व्हायला हवी." काका स्वतःच्या बुटांकडे बघत बोलत होते. "देवळालीहून एझ्राचा मुलगा येणार होता. तो तापानं पडलाय. नऊच झालो, पोरी. एक माणूस कमी पडतोय."

"एकच?" सिप्पोरा म्हणाली. "आमच्या आईच्या वेळी दहाच्या दहा कमी पडले होते."

हायमकाकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. आत भाकरी करपायला लागली. वास दारापर्यंत आला, पण ती जागची हलली नाही.

अश्काबा म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं म्हणायची प्रार्थना. त्याचं नाव घ्यायचं, त्याच्या बापाचं नाव घ्यायचं, आणि देवाला सांगायचं, हे आमचं माणूस, याला जागा दे. दहा पुरुष असल्याशिवाय ती म्हणता येत नाही. नाशिकरोडला बेने इस्राएलांची घरं भरलेली होती तेव्हा दहाची कुणाला फिकीर नव्हती. एका घरच्या सुतकाला तीस-तीस टोप्या जमायच्या. मग एकेक घर बोटीत बसलं, विमानात बसलं, आणि इस्रायलला गेलं. मागं राहिले ते असे, एकमेकांच्या मरणाला पुरणार नाहीत इतके.

पण सिप्पोराची आई वारली त्रेपन्न साली. तेव्हा माणसं होती.

आईचं नाव बया. मखमलाबादच्या पुंजाराम माळ्याची मुलगी. स्टेशनाबाहेर गजरे विकायला बसायची, आणि तिथंच रेल्वेतल्या दानिएल थळकरची झाली. लग्नानंतर तिनं शनिवारी, यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, कधी विस्तव शिवला नाही. सासूकडून एलियाहू नबीची गाणी शिकली आणि त्यांना आपल्या जात्याची चाल लावली. पहाटे दळताना म्हणायची,

एलियाहू पाहुण्याचा, रथ गेला आभाळाला
चाकोरी उरली गं बाई, खडकाच्या काळजाला

आणि पुढची ओवी तिची स्वतःची,

माहेर माझं मखमलाबाद, झेंडूच्या वाफ्यात
शनवारी माझी चूल निजे, राखेच्या पदरात

एवढं करूनही ती 'काळी'च राहिली. आईबाप दोघंही इस्राएल असले तर तुम्ही गोरे, एक जरी बाहेरचा असला तर तुम्ही काळे. कातडीशी त्याचा काही संबंध नव्हता. सिप्पोराचा भाऊ मोजेस दुधासारखा, आणि सिमसन झिराडकर कोळशाच्या इंजिनातून उतरल्यासारखा. तरी सिमसन गोरा, सतरंजीवर पुढं बसणारा. मोजेस काळा, उंबऱ्याबाहेर चपलांपाशी उभा राहणारा. मलिद्याच्या ताटातून काळ्यांनी हातानं घ्यायचं नाही. त्यांचा वाटा द्रोणात घालून वेगळा द्यायचा.

आई गेली तेव्हा वडील सिमसनच्या दारात गेले होते. सिप्पोरा त्यांच्या मागं उभी होती, शाळेचं शेवटचं वर्ष होतं तिचं. ओट्यावर पाचसहा जण बसलेले. सिमसन म्हणाला, "अरे दानिएल, म्हणायची तरी काय अश्काबा? बया बत पुंजाराम?" बत म्हणजे मुलगी. ओट्यावरचे हसले. खदाखदा नाही हसले, आपलं उगीच, खोकल्यात मिसळून. त्यांत हायमकाकाही होते.

आईला कबरस्तानाच्या कुंपणाला लागून बाभळीखाली जागा मिळाली. वडील एकटेच जमेल ते म्हणाले. मोजेसनं त्यांचा कोट धरला होता.

"काका," सिप्पोरा म्हणाली, "तो येईल. पण आधी माझ्या आईची अश्काबा म्हणणार का ते सांगा. दहा जणांसमोर. तिचं नाव घेऊन."

"बघू ना. तिथं गेल्यावर बघू."

"तिथं गेल्यावर काय बघायचंय? इथंच बघा."

"अगं, आजचा दिवस सिमसनचा आहे."

"सगळेच दिवस सिमसनचे होते."

तेवढ्यात आतून मोजेस आला. धुतलेला सदरा, केस पाण्यानं बसवलेले. पार्सल ऑफिसातून येऊन त्यानं तोंडही धुतलं होतं. म्हणजे त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि ऐकत ऐकत तयारी केली होती. खुंटीवरची टोपी घेऊन तो म्हणाला,

"चला काका."

"जा!" सिप्पोरा कडाडली. "सही दिलीस तसाच जा."

ते बासष्ट सालचं. सिमसनचा मुलगा तिकडं इस्रायलमध्ये लग्नाला उभा राहिला तर तिथल्या धर्मपंडितांनी त्याला विचारलं, तुझी आजी कोण, पणजी कोण, रक्त चोख कशावरून? सिमसन पेटून उठला. आम्हाला विचारतात, आम्हाला! निषेधाचा कागद घेऊन घरोघर फिरला, आणि एके दिवशी थळकरांच्याही दारात आला. सिप्पोरा त्याच्या तोंडावर दार लोटणार होती. मोजेसनं पेन काढून सही केली, वर चहा विचारला. ती आठ दिवस भावाशी बोलली नव्हती. दोघं बहीणभाऊ बिनलग्नाचे. गोऱ्यांनी मुलगी दिली नाही, मुलगा दिला नाही. आणि हा चहा विचारतो!

मोजेस चपला घालून काकांच्या मागं निघाला. सिप्पोरानं उलथनं कट्ट्यावर आदळलं, पदर खोचला, आणि दार नुसतं ओढून ती त्यांच्या मागं गेली. काका नाही तर काका नाही, सिमसनच्या बायकोच्या, राहेलमावशीच्या तोंडावर सांगीन.

झिराडकरांच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. मधोमध मलिद्याचं परातीएवढं ताट. भिजवलेले पोहे, साखर, खोबऱ्याचा कीस, खजूर, केळी, वर सब्जाची जुडी आणि गुलाब. आठ टोप्या भिंतीला टेकून बसलेल्या, नववे हायमकाका. सिप्पोरा मागच्या दारानं आत गेली. बायकांत सिमसनची राहेल बसली होती. तिनं मान वर केली.

"मावशी," सिप्पोरा उभ्याउभ्याच म्हणाली, "माझ्या आईची अश्काबा आज इथं झाली पाहिजे."

राहेलबाईचे डोळे सुजलेले होते. कानांतल्या कुड्या काढून ठेवलेल्या. पाळ्या मोकळ्या लोंबत होत्या.

"आज? आज सातवा दिवस गं माझ्या माणसाचा."

"तिचा पहिलाही झाला नाही."

"पाया पडते सिप्पू. लोकांसमोर नको. त्याचं होऊ दे."

सिप्पोरानं शब्द जमवून आणले होते. वाटेत एकेक घासून धारदार केला होता. पण समोर ही पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी, गुडघ्यांना मिठी मारून बसलेली. तिच्यावर ओरडायचं तरी कसं? तिनं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली.

पुढच्या खोलीत हायमकाका माणसं मोजत होते. माणसं आकड्यानं मोजू नयेत, नजर लागते, म्हणून दहा शब्दांचं एक वचन म्हणायचं, एका माणसावर एक शब्द. आजवर ते बोट मोजेसपर्यंत कधी आलं नव्हतं. दारातल्या माणसाला ओलांडून दुसरीकडं वळायचं. आज मोजेस सतरंजीवर होता. काका म्हणत गेले, आणि शेवटचा शब्द, हाओलाम, मोजेसवर येऊन पडला. सदासर्वकाळ, असा त्याचा अर्थ.

"झाले दहा," कुणीतरी सुटकेनं म्हणालं.

काकांनी पोथी उघडली. गळा साफ केला. सिमसनच्या नावाचा पहिला शब्द त्यांच्या ओठांवर आला, आणि मोजेस उठला.

त्यानं सदऱ्याची सुरकुती झटकली. दोघांच्या गुडघ्यांमधून वाट काढत, कुणाला पाय लागला तर हात छातीला लावत, तो दारापर्यंत गेला, उंबरा ओलांडला, आणि बाहेर चपलांपाशी जाऊन उभा राहिला.

काकांचं बोट ओळीवरच थांबलं.

"मोजेस? बरं वाटत नाही का?"

"बरा आहे."

"मग आत ये ना. नऊ झालो आम्ही."

"माझी जागा इथंच आहे की, काका. तुम्हीच दाखवलेली." आवाज नेहमीचाच, पार्सलची पावती देताना असतो तसा. "आधी आईचं म्हणा. मग येतो."

"हा काय तमाशा!" भिंतीपासून एकजण म्हणाला. "मेलेल्या माणसाला ओलीस धरतोस?"

"हो," मोजेस म्हणाला.

सिप्पोराचे हात चौकटीवरून खाली आले. हा तिचाच भाऊ होता. चहा विचारणारा.

दारातून येणारं ऊन परातीवरून भिंतीवर चढायला लागलं होतं. मग आतून राहेलबाईचा आवाज आला. त्यात माया नव्हती.

"म्हण रे हायम. म्हण आणि माझं माणूस मोकळं कर."

हायमकाकांनी घाम पुसला. "म्हणतो. पण वडलांच्या नावाच्या जागी..." ते अडखळले. "बत अब्राहम म्हणू? बाहेरून आलेल्यांना तसंच म्हणतात. अब्राहम सगळ्यांचाच बाप. चांगलं आहे ते."

चांगलं होतं. कुणाला खटकलं नसतं. भरल्या खोलीवरून मोजेसनं आतल्या दाराकडं बघितलं, बहिणीकडं.

"पुंजाराम," सिप्पोरा म्हणाली. "मखमलाबादचा पुंजाराम. तिला बाप होता."

काकांनी वर पाहिलं. त्यांना ओटा आठवला की नाही, कोण जाणे. भिंतीला टेकलेल्यांपैकी दोघं त्या ओट्यावरचे होते. त्यांनी नजर परातीतल्या पोह्यांवर ठेवली. मोजेसनं उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं, दुसरं बाहेरच ठेवलं.

"बया," हायमकाका म्हणाले, आणि घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "बया बत पुंजाराम."

तेव्हा कुठं मोजेसनं दुसरं पाऊल आत घेतलं.

प्रार्थना लांब नव्हती. शेवटी आमेन झालं. मग सिमसनचं झालं, नीट, शेवटपर्यंत. त्या आमेनला मोजेसचा आवाज सगळ्यांबरोबर होता. सिप्पोराचे ओठ मिटलेले राहिले. तिला वाटलं होतं, नाव घेतलं गेलं की आतलं काहीतरी निवेल. निवलं नाही. इतकं सोपं होतं तर मग इतकी वर्षं का, एवढंच उलट वर आलं, आणि बाभळीखालचा तो उघडा ढीग.

राहेलबाईनं मलिदा वाढायला घेतला. एक द्रोण तिनं उचलला, हातात तसाच धरला, मग बाजूला ठेवून परातच सिप्पोरापुढं सरकवली. सिप्पोरानं त्यातला एक गुलाब उचलला, बाकी कशाला हात लावला नाही.

बाहेर मोजेस चपला घालत होता. अंगठ्यात अंगठा जाईना. तो पुन्हा पुन्हा पाऊल आपटत होता. सिप्पोरा खाली बसली. त्याचा घोटा धरून तिनं चप्पल पायात सरकवली, मग दुसरी.

"शेगडी झाकून आलीस ना?" मोजेसनं वरून विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पेटतीच आहे."

"मग चल," तो म्हणाला. पण कोपऱ्यावर आल्यावर तो घराकडं वळला नाही, कबरस्तानाकडं वळला. आणि तिनंही त्याला हटकलं नाही.