काचेला हात लावू नका

आमच्या मालकांना काउंटरचं वेड लागलं ते औरंगाबादच्या एका कापड दुकानात, शहात्तर साली. आमचं बांगड्यांचं दुकान जुन्या जालन्यात, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. सतरंजीवर मी बसायची, समोर गिऱ्हाईक बाई बसायची, आणि माहेर-सासरच्या गप्पांत डझनभर बांगड्या कधी चढल्या ते तिला कळायचं नाही. मालक म्हणाले, हे खेडवळ दिसतं. कडूबा सुताराला बोलावलं. माप द्यायच्या वेळी हे स्वतः ताठ उभे राहिले आणि कमरेला हात लावून म्हणाले, इथवर. या माणसानं आयुष्यात उभ्यानं एक बांगडी भरली नव्हती.

काउंटर देखणा झाला, खोटं कशाला बोलू. खाली चार उंच पाय, त्यावर उथळ सागवानी चौकट, वर आणि पुढं काच, भिंतीपासून भिंतीपर्यंत. पुढं दोन हात जागा उरली, तीही उभं राहण्यापुरती. मालक सकाळ-संध्याकाळ ओल्या वर्तमानपत्रानं काच पुसायचे आणि दिवसभर एकच जप करायचे, काचेला हात लावू नका.

हात सैल सुटला तरच बांगडी चढते. उभी बाई, त्यात काचेला धक्का लागेल म्हणून अवघडलेली. तिचा हात लाकूड झालेला. पहिल्याच आठवड्यात तीन बांगड्या वाढल्या. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, पण वाढली म्हटल्यानं बायांची तोंडं उतरायची राहत नाहीत. वर मालक मलाच म्हणायचे की तुझा हात जड झालाय. चोराच्या उलट्या बोंबा.

अशात अंतरवाली सराटीच्या द्वारकाबाई आल्या. त्यांच्या गावात आमच्या चुड्याशिवाय लग्न लागत नसे. लेक शिवकन्या नवरी, संगं दहा बाया, पहाटेच्या एस्टीनं आलेल्या. नवरीचा चुडा भरताना बांगडी वाढली तर अपशकुन. मग ते गाव पुन्हा आमची पायरी चढलं नसतं.

पहिलीच बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडली. पोर चवड्यांवर उभी, कोपर अधांतरी. जरा दाबली असती तर संपलंच होतं. मी हळूच बांगडी मागं काढली. ओट्यावर बसवावं, तर नवरीचा चुडा रस्त्यावर भरत नाहीत.

द्वारकाबाई सगळं बघत होत्या. "गिरिजाबाई, बसायला जागाच न्हाई राह्यली का? मंग आम्ही दुसरीकडं जातो. नवरीचं काम हाय."

मला मालकांना पुष्कळ सुनवायचं होतं. दहा बायांसमोर मी एवढंच बोलले, "ह्याच्यावर मी नवरीचा हात धरणार न्हाई."

मालक काउंटरकडं बघत उभे राहिले. मग आतल्या बांगड्या काढायला लागले आणि समोरच्या गल्लीतून कडूबाला करवत घेऊन बोलावलं. या वेळी माप त्यांनी दिलं नाही. मला आत सतरंजीवर बसवलं, पलीकडं शिवकन्येला बसवलं, आणि काउंटर आमच्या मांडीच्या उंचीला येईल अशा बेतानं पायांवर खडूची रेघ मारली. बायांचा चहा होईस्तोवर कडूबानं चारही पाय कापले.

काउंटर आमच्या दोघींच्या मध्ये खाली बसला. शिवकन्येनं हात पुढं केला, पण तो अजून काचेच्या वर वीतभर, तसाच ताठ. जप तिच्याही कानावर गेल्ता. मी काही बोलणार तोवर मालकच वाकले.

"टेकव बाई हात," ते म्हणाले. "काच काय, पुसता येती."

तिनं हात टेकवला आणि तो सैल सुटला. अंगठा दुमडून मी बांगडी सरकवली, ती हाडावरून अलगद उतरली. मग दुसरी, तिसरी, दोन्ही हात भरेस्तोवर. एकही वाढली नाही. द्वारकाबाईंनी माझा हात घट्ट धरला आणि मला रडूच आलं, इतकं हायसं वाटलं.

बाया गेल्यावर काचेवर सगळीकडं हातांचे ठसे उमटले होते. मालकांनी वर्तमानपत्र उचललं, ठशांकडं पाहिलं, आणि वाचत बसले.