कावळ्याचा पाय

कप्तान मॉर्सने काढ्याचा पहिला घोट घेतला, तो गालातच धरून ठेवला आणि हुल्डाची पाठ वळायची वाट बघितली. हुल्डाने पाठ वळवली नाही. शेवटी त्याला तो गिळावा लागला.

“रासबेरीची पानं आहेत,” ती म्हणाली. “अजून देऊ?”

“नको, नको. छान आहे.”

“चहा असता तर तोच दिला असता. पण राजाचा कर आहे म्हणून तो न पिण्याची शपथ तुम्हीच घ्यायला लावलीत सगळ्यांना.”

“शपथ ती शपथ,” मॉर्स म्हणाला, आणि पुन्हा कोणी भरू नये म्हणून त्याने पेला अर्धा भरलेलाच गुडघ्यावर ठेवून दिला.

एलिफलेट मॉर्सची लाकूड चिरायची गिरणी ओढ्यापलीकडे होती, आणि ओढ्याअलीकडची हुल्डाच्या घरची, पेटिंगिलांची जमीनही थोडीफार आपलीच, असं त्याचं पहिल्यापासूनचं मत होतं. कप्तान मात्र तो गेल्या मंगळवारपासून होता. बोस्टनच्या बाजूला समुद्रापलीकडच्या राजाच्या पलटणीने शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्याची बातमी घोडेस्वाराने आणली, गावातल्या पुरुषांनी प्रार्थनाघरात हात वर केले आणि ज्याचं घोडं सगळ्यात चांगलं तो कप्तान झाला. त्याआधी कितीतरी वर्षं हाच मॉर्स राजाच्या जहाजांसाठी डोलकाठ्या ओढून न्यायचा. बैलांची रांग टेकडीच्या या उतारापासून त्या उतारापर्यंत असायची. तेव्हा ‘राजाचं काम’ म्हणताना त्याची छाती जेवढी फुगायची, तेवढीच आता ‘राजाचा जुलूम’ म्हणताना फुगत होती. कोटाच्या गुंड्या हलवाव्या लागल्या नव्हत्या.

“हुल्डाबाई, एका वस्तूसाठी आलोय.”

“ताटं गेली. पोरगा, जोथम, मागच्या अंगणात त्यांच्या गोळ्या पाडतोय. माझ्या लग्नातली कथलाची ताटं. राजाच्या शिपायांना आमच्या घरचं जेवण पोचणार म्हणायचं.”

मॉर्स हसला, पण जपून. विधवेच्या थट्टेवर किती हसावं याचा अंदाज त्याला कधी आला नव्हता.

“ताटं नव्हेत. ते झाड. तुमच्या ओबेदवर पडलं ते. त्यातला खुणेचा तुकडा तुम्ही वेगळा काढून ठेवलात ना? कावळ्याच्या पायाचा. उद्या सकाळी आम्ही निघतोय. पुढच्या गाडीवर तो उभा बांधायचा. वाटेतल्या गावांना दिसू दे, राजाची खूण काय करते ते. नुसत्या करांचं सांगून माणूस उठत नाही हो. कर सगळेच भरतात, म्हणजे कोणीच भरत नाही. पण एक झाड, एक माणूस, हे कळतं.”

“बघते कुठे आहे ते.”

“शोधायला मदत करू?”

“बसा तुम्ही,” हुल्डा म्हणाली.

तो त्याच फळीवर बसला होता. चार पाय लावून चुलीजवळ तिचा बाक केला होता, खूण जमिनीकडे. अडीच हात रुंदीची फळी गावात कुणाच्या बैठकीत दिसायची नाही, कारण एवढ्या जाडीची पाइनची झाडं राजाच्या डोलकाठ्यांसाठी राखीव, आणि एवढी रुंद फळी म्हणजे राजाची चोरी. माळ्यावर मात्र ती ज्याच्या-त्याच्या घरी सापडली असती. मॉर्सच्या माळ्याला तर सगळी जमीनच तसल्या फळ्यांची होती.

“राजानं तुमचा नवरा मारला,” मॉर्स दाराशी जाताना म्हणाला. “हे विसरू नका.”

“एवढ्या लांबून नेम बरा लागला त्याचा.”

त्याने टोपी घातली. “पोरगा डावरा आहे, पण कवायतीत वळण लागलंय त्याला. बंदूक उजव्या खांद्यावर धरतो आता. यादीत पहिलं नाव त्याचंच आहे, बरं का. बापासाठी.”

त्याचं घोडं ओढ्यापार होईपर्यंत हुल्डा दारात उभी राहिली. मग तिने पेल्यातला उरलेला काढा उंबऱ्याबाहेर फेकला.

यादीचं तिला ठाऊक होतं. पोराने सांगितलं नव्हतं, पण ज्या मुलाला शर्टाची गुंडी तुटलेली चार महिने दिसत नाही, तो एकदम मोजे रफू करून मागायला लागला की आईला निराळं सांगावं लागत नाही. घरात तेवढा एकच जीव उरला होता, आणि तो मेलेल्या बापाच्या नावाने चालला होता. त्याला अडवण्यासारखी एकच गोष्ट तिच्यापाशी होती. ती गोष्ट खरी होती, हीच तिची अडचण.

झाड मॉर्सच्या आणि त्यांच्या जमिनीच्या ऐन हद्दीवर होतं. मॉर्स म्हणे, खोड माझ्या बाजूला. ओबेद म्हणे, मुळं माझ्या बाजूला. एका वसंतात मॉर्सने करवती परजून ठेवल्याचं गावभर झालं. मग एका सकाळी झाडाच्या सालीवर तीन घाव दिसले, एक उभा आणि दोन तिरके, कावळ्याच्या पायासारखे. राजाची डोलकाठीची खूण. बिनखुणेचं झाड तोडलं तर कोण बघतो. खुणेचं तोडलं तर दंड, आणि चुगली करणाऱ्याला दंडात वाटा. मॉर्सने करवती परत टांगल्या. ओबेद आठवडाभर जेवताना उगाच हसायचा.

हुल्डाने त्याच दिवशी त्याचा शर्ट धुतला होता. पाइनची राळ साबणाने जात नाही, चरबी चोळावी लागते. राळ डाव्या बाहीवर होती, आणि ओबेद डावरा होता. नंतर ती दूध घेऊन येताना हद्दीवरून आली आणि झाडापाशी थांबली. उजव्या हाताची कुऱ्हाड उजवीकडून खाली येते, डावऱ्याची डावीकडून. तिरका घाव कोणत्या अंगाला खोल गेला आणि कोणत्या अंगाला उथळ राहिला, हे लाकूड लपवत नाही. तिने नवऱ्याला विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही.

राजाच्या रानाचा अधिकारी पुढे कधीतरी त्या वाटेने गेला. आपण न केलेली खूण त्याने पाहिली, मान हलवली आणि ती आपल्या हिशेबात धरली. एवढं फुकट मिळालेलं झाड सरकार कशाला नाकारील?

मग एका हिवाळ्यात बर्फाने झाडाची एक बाजू मोडली आणि ते गोठ्याकडे कलायला लागलं. ‘काप,’ हुल्डा म्हणाली. कापायचं कसं? मॉर्स तेव्हा राजाचा माणूस, त्यानेच पहिला चुगली केली असती. आणि खूण खोटी आहे असं सांगायचं तर ती केली कुणी, हेही सांगावं लागलं असतं. ओबेदने पोर्ट्समथला राजाच्या कचेरीत परवानगीचा अर्ज केला. तिथून उत्तर आलं की परवाना लंडनहून येईल. ‘उद्यापरवा येईल,’ तो दर शनिवारी म्हणायचा. दोन शरद ऋतू गेले. दुसऱ्यातल्या वादळात झाड गोठ्यावर कोसळलं. ओबेद खाली धार काढत होता.

दफनाच्या दिवशी मॉर्सच पहिल्यांदा म्हणाला होता, “राजानं मारलं याला.” गर्दीतून हुंकार आला. तोपर्यंत मॉर्सचा डोलकाठ्यांचा मक्ता दुसऱ्याकडे गेला होता.

मागच्या अंगणात जोथम साच्यातून गोळ्या काढून पाण्यात टाकत होता. प्रत्येक गोळी चुरचुरून बुडत होती. डाव्या गालावर त्याला डाग होता. उजव्या हाताच्या माणसासाठी घडलेली बंदूक डाव्या खांद्यावरून उडवली की दारूच्या ठिणग्या तोंडावर येतात. पहिल्याच कवायतीत त्या आल्या होत्या.

“मॉर्स काय म्हणत होता?”

“फळी मागतोय. तुमच्या गाडीवर निशाण म्हणून.”

“मग देऊन टाक. मी येईपर्यंत दुसरा बाक करू नकोस, मी करीन.”

हुल्डा ओंडक्यावर बसली. शेवटचं ताट अजून वितळायचं होतं. तिने ते मांडीवर घेतलं आणि एप्रनने पुसलं.

“जोथम, ती खूण राजाची नव्हती.”

त्याने साच्यात वितळलेलं कथील ओतलं.

“तुझ्या बापानं केली होती. मॉर्सला झाड मिळू नये म्हणून. राजानं ते झाड पाहिलंसुद्धा नव्हतं. तुझा बाप आपल्याच खुणेत अडकून मेला. आता तू कुणावर गोळी झाडायला चाललायस ते बघ.”

साचा उघडला. एक गोळी पाण्यात पडली.

“मला ठाऊक आहे,” जोथम म्हणाला.

“काय ठाऊक आहे?”

“मीच वाटेवर उभा होतो ना. कोणी आलं तर शीळ घालायला. बाबा म्हणाले होते, आईला बोलू नकोस, ती हसेल.” त्याने साचा पुन्हा मिटला. “तुला कसं कळलं?”

“बाही मी धुतली.”

ओढ्यापलीकडे गिरणीची करवत चालू होती; युद्धाच्या आदल्या दिवशीही मॉर्सची करवत थांबली नव्हती.

“मग तरी जातोस?”

“खूण खोटी होती, आई. अर्ज खरा होता. दोन वर्षं एका झाडासाठी लंडनच्या तोंडाकडे बघत बसलो आपण. कुणी ‘नाही’ म्हणालं असतं तरी चाललं असतं.”

“हे मॉर्सचं बोलणं.”

“असेल.” त्याने पळीने कथील ढवळलं. मग आईकडे न बघता म्हणाला, “बाबांवर राग धरायचा तर रोज त्यांच्याच शेतात राबून धरावा लागतो. त्यांच्या कुऱ्हाडीनं लाकडं फोडायची, त्यांच्या जागेवर जेवायला बसायचं, आणि तू समोर. राजा लांब आहे. त्याच्यावर धरायला बरं पडतं.”

हुल्डाने उठून ताट त्याच्या हातात दिलं.

“यात भेसळ आहे,” ती म्हणाली. “माझ्या भावानं स्वस्तात घेतलं होतं. गोळ्या वाकड्या जातील.”

“तसाही माझा नेम वाकडाच आहे.”

संध्याकाळी जोथम कवायतीला गेल्यावर तिने बाक उलटा केला, पाय ठोकून काढले आणि फळी चुलीच्या उजेडात भिंतीला टेकवून उभी केली. तीन घाव. मॉर्सच्या डोळ्यांचं तिला भय नव्हतं, निदान फायदा दिसला की तो गप्प बसतो हे तिला माहीत होतं. पण वाटेवरच्या गावांतही लाकूडतोडे राहतात. कोणीतरी फळीकडे बघेल, मग बंदूक चुकून डावीकडे घेणाऱ्या पोराकडे बघेल, आणि छावणीत हसू लागेल. ज्या रागावर पोर चाललं होतं तोही वाटेत काढून घेतला, तर जाईल ते जाईलच, वर रिकामं जाईल.

तिने चुलीमागून ओबेदची हातकुऱ्हाड काढली. उजव्या हातात धरली. तिरके घाव ज्या अंगाला उथळ होते, तिथे तिने ते खोल केले. लाकूड आता वाळून कडक झालं होतं, कपच्या लहान निघत होत्या. त्या तिने एकेक वेचून चुलीत टाकल्या. राळेचा वास घरभर झाला.

सकाळी मॉर्स एकटाच आला. त्याने फळी दारातल्या उजेडाकडे फिरवली, वाकला आणि घावांवरून अंगठा फिरवला, आधी एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने. आयुष्यभर त्याने लाकूडच पाहिलं होतं. अंगठा एका जागी थांबला. घावाच्या त्या अंगाला लाकूड नवं, पिवळं दिसत होतं.

हुल्डा पोराच्या पिशवीत मक्याची भाकरी आणि खारवलेलं डुकराचं मांस भरत होती. तिने हात थांबवला नाही.

मॉर्स चुलीपाशी गेला, बोटाने काजळी घेतली आणि पिवळ्या भागावर नीट घासली. मग बोट स्वतःच्या विजारीला पुसलं.

“सफाईचा हात होता राजाच्या माणसाचा,” तो म्हणाला.

“सराव असतो त्यांना.”

“हद्दीचं आपण परत आल्यावर बघू, हुल्डाबाई.”

“बघू. परत या आधी.”

जोथम आत आला, फळीचं एक टोक त्याने उचललं, दुसरं मॉर्सने. दारातून ती आडवी जाईना, तिरकी करावी लागली. जिथे बाक होता तिथे जमिनीवर चार ठिपके राहिले.

हुल्डा ओढ्यापर्यंत गेली नाही. तिच्या दारातून वाट वळणापर्यंत दिसत होती. पुढे गाडी, गाडीवर कावळ्याचा पाय, मागे गावचे पंचवीस-तीस पुरुष, त्यांच्यात जोथमची टोपी. वळणाच्या अलीकडे पोराने बंदूक उजव्या खांद्यावरून काढून डाव्या खांद्यावर घेतली. पुढून मॉर्स काहीतरी म्हणाला असावा. बंदूक परत उजव्या खांद्यावर गेली.