हात सांभाळा

मूक सिनेमात काम करण्याचा एक मोठा फायदा: तोंडाला कुलूप लावावं लागत नाही. पडद्यावर नुसते ओठ हलताना दिसतात. म्हणून आमचा नायक मला मिठीत घेऊन, चेहऱ्यावर साऱ्या जगाचं प्रेम आणून, "बूट चावतोय गं," असं खुशाल म्हणायचा. त्याला माझ्याशी लग्न करायचं होतं आणि तेही तो उठता-बसता सांगायचा.

कॅमेरावाला मात्र मुखदुर्बळ. माझ्यासमोर तर त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे. कॅमेऱ्याचं हँडल तो स्वतःशी गुणगुणत एका लयीत फिरवायचा. हे काम येरागबाळ्याचं नव्हे. हँडल हळू फिरलं की पडद्यावरची माणसं तुरुतुरु पळतात, भरभर फिरलं की पाण्यातून चालल्यासारखी संथ होतात. त्याचा हात म्हणजे घड्याळ, अशी ख्याती होती.

आणि तोच हात मिठीच्या प्रसंगात दोनदा बिघडला! दोन्ही वेळा फिल्म धुऊन पाहिली, तर सज्जात मी एकटी आहे तोवर तरंगतेय, आणि नायक आला रे आला की टुणटुण उड्या मारत मला मिठी मारतोय.

दिग्दर्शक म्हणजे माझा सख्खा मामा. तो लालबुंद झाला. "फिल्म काय झाडाला लागते? पुन्हा बिघडलं तर उद्यापासून दुसरा माणूस!"

कॅमेरावाल्याने मान खाली घातली. मला मात्र आनंदाने नाचावंसं वाटत होतं. ज्याच्या तोंडून वर्षभरात एक शब्द निघाला नाही, त्याच्या हाताने सगळ्यांदेखत कबुली दिली होती! मला तोच हवा होता. पण त्याला काढलं तर? हा बाबा जातानाही काही बोलणार नाही, याची मला खात्री होती.

तिसरी वेळ. स्टुडिओच्या काचेच्या छपरातून चांगलं ऊन आलं आणि मामा ओरडला, "चालू!" मी सज्जात पाऊल टाकलं, तशी गुणगुण लगेच धावायला लागली. नायकाने मला जवळ ओढलं. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि प्रेमाने ओथंबून म्हणाले, "अहो कॅमेरावाले, हात सांभाळा. मी लग्न करीन तर तुमच्याशीच."

गुणगुण तुटली. गेलं सगळं, बाई, तूच घालवलंस! पण हँडलची खटखट चालूच होती. मग गाणंही परत आलं, घोगरं, पण अगदी लयीत.

कॅमेरा चालू, त्यामुळे नायकाला जागचं हलता येईना. "हे आधी नाही सांगायचं?" तो हसऱ्या चेहऱ्याने पुटपुटला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. खरं पाणी! मामा भाचीचं लग्नबिग्न सगळं विसरला. "वा! असाच रड, गड्या!"

शेवटी मामाने "बस!" म्हटलं. नायक डोळे पुसत निघून गेला. हँडल फिरतच होतं.

"अरे, बस म्हटलं ना! फिल्म केव्हाच संपली!"

"माहीत आहे," कॅमेरावाला म्हणाला. बघत माझ्याकडेच होता. "हात थांबला तर तोंड उघडावं लागेल."

"मग उघडा की," मी म्हणाले.