सातवीच्या वर्गात आलेला लांडगा

कोणी विश्वास ठेवणार नाही, तुम्ही पोरं तर नाहीच. पण माझा गोष्टींचा तास एका लांडग्याने वाचवला. हसताय काय? मागच्या बाकावर वह्या तपासत बसलेल्या तुमच्या बाईंना विचारा. म्हणजे, आत्ता नको. आधी माझं होऊ दे.

पंचवीस वर्षांपूर्वी याच खोलीत मी सातवीला भाषा शिकवायचो. पंखा हाच, आणि तेव्हाही असाच कुरकुरायचा. आठवड्यातून एक तास मी नुसत्या गोष्टी वाचून दाखवायचो. हेडसरांच्या डोळ्यांत तो तास खुपायचा.

"मास्तर, तुम्ही वाचता आणि पोरं झोपतात. महिनाअखेरीला मी वर्गात येऊन बसेन. पोरं आपणहून वाचताना दिसली नाहीत, तर हा तास गणिताला."

अख्ख्या आठवड्यात मी त्या एका तासाची तर वाट बघायचो!

मग मी लांडग्याची गोष्ट काढली. अर्धी पुस्तकातली, अर्धी पदरची. लांडगा जन्मात पाहिला नव्हता, पण अंगात आणला. "आणि तो दुष्ट लांडगा आभाळाकडे तोंड करून केकाटला, आणि दोन पायांत शेपूट घालून मेंढ्यांवर झेपावला!"

"खोटंय, सर."

शेवटच्या बाकावरची मुलगी उभी होती. वर्षभरात तिने तोंडातून ब्र काढला नव्हता. तिचे वडील प्राणिसंग्रहालयात लांडग्यांची देखभाल करायचे. शाळा सुटली की ही त्या पिंजऱ्यापुढे दप्तर टाकून अभ्यासाला बसायची.

"शेपूट आत घेतलेला लांडगा घाबरलेला असतो. तो कशाला झेपावेल? आणि शिकारीवर जाताना केकाटेल का? मेंढ्या काय थांबणारेत त्याच्यासाठी?"

वर्ग खदखदून हसला. माझे कान तापले. तिला बाहेर काढायला माझं बोट दाराकडे वळलंसुद्धा होतं. पण बघतो तर काय, चाळीसच्या चाळीस पोरं टक्क जागी!

ते बोट मी तसंच फळ्याकडे नेलं, खडू उचलला आणि नियम लिहिला. गोष्टीतलं जनावर खोटं वागलं की 'शेपूट!' असं ओरडायचं, आणि खोटं का, तेही सांगायचं.

झालं! पोरं वाचनालयावर तुटून पडली. एका हातात गोष्टीचं पुस्तक, दुसऱ्या हातात प्राण्यांचं. लांडगा दुष्ट की नुसता भुकेला, यावरून मधल्या सुट्टीत हमरीतुमरी. एकाने वाचून काढलं की मोठे लांडगे खाल्लेलं ओकून पिल्लांना भरवतात. त्या दिवशी निम्म्या वर्गाने डबा उघडला नाही.

महिनाअखेरीला हेडसर आले. माझ्या हातून पुस्तक घेऊन स्वतःच वाचू लागले. "कान पाडून, अंग चोरून, तो लांडगा मोठ्या ऐटीत कळपापुढे उभा राहिला..."

"शेपूट!"

चाळीस गळे एकदम. हेडसरांचा चष्मा खाली पडला. त्या मुलीने तो उचलून दिला आणि शांतपणे समजावलं, "सर, ऐटीत असेल तर कान ताठ आणि शेपूट वर. हा तर माफी मागतोय."

हेडसर बराच वेळ काच पुसत राहिले. मग म्हणाले, "पुढचं पान कोण वाचणार?"

एकही हात खाली नव्हता.

तास वाचला. त्या मुलीचे आभार मानायचे मात्र राहून गेले. मास्तर होतो ना, ताठा आडवा आला. आज तिनेच मला इथे बोलावलंय. तोच बाक, फक्त हातात आता लाल पेन. तर बाई, तुमचे उपकार मी...

काय सांगत होतो? हां! तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. खराखुरा लांडगा! सरळ आत आला, हेडसरांशेजारी बसला, आणि पोरं वाचायला लागली तशा त्याच्या डोळ्यांतून आनंदाने घळाघळा धारा...

"शेपूट!" पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची पोरगी ताडकन उभी राहिली. "आजोबा, लांडगा आनंदाने रडत नाही. आणि बाईंनी कालच सांगितलंय आम्हाला. त्या दिवशी रडलात ते तुम्ही!"