उजव्या हाताची खिडकी

"हिरोशिमाला गेलंच पाहिजे का?" वन्संनी विचारलं. "सुट्टीत कोणी रडायला जातं का?"

"आत्या, रडायला नाही जात कोणी तिथे," माझा मुलगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "पण ते काढलंत तर ओसाकात एक दिवस वाढेल. मला तिथलं इलेक्ट्रॉनिक्सचं मार्केट बघायचंय."

"आणि नारा?" सूनबाई म्हणाली. "हरणांबरोबर फोटो काढल्याशिवाय मी परत येणार नाही, आई. आत्ताच सांगून ठेवते."

"मला कुठेही न्या," नवरा म्हणाला, "दुपारी तासभर आडवं व्हायला मिळालं म्हणजे झालं."

रविवार होता. मी जेवणाच्या टेबलावर जपानचा नकाशा पसरून बसले होते आणि हिरोशिमा तिसऱ्यांदा खोडत होते. निघायला महिनाही उरला नव्हता. टोकियो आणि तिथून रेल्वेनं क्योटो, एवढंच काय ते पक्कं होतं. पुढचं सगळं रोज सकाळी ठरायचं आणि संध्याकाळी मोडायचं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण आमच्या पाच मुखांतून पाच रेल्वेमार्ग निघत होते.

मुळात जाणार होतो आम्ही दोघंच. नवऱ्यानं एकदा फोनवर बोलता बोलता ताईला, म्हणजे माझ्या नणंदेला, "तूही चल की" म्हटलं, आणि वन्संनी त्याच दिवशी बॅग खरेदी केली. मग मुलाला वाटलं, ही तिघं परदेशात हरवतील, त्यापेक्षा आपण बरोबर गेलेलं बरं. तो आला म्हणजे सूनबाई आलीच. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. सगळ्यांचं मत होतं की एखाद्या टूर कंपनीच्या बसमध्ये बसावं आणि डोक्याचा ताप मिटवावा. मी एकटी रेल्वेवर अडून बसले. तेव्हा चौघांनी माझ्याकडे बघून एकदमच म्हटलं, "मग तूच बघ सगळं."

हे वाक्य मला नवीन नाही. मी हॉस्पिटलच्या सर्जरी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. कोणाला रात्रपाळी, कोणाला सुट्टी, कोणाच्या मुलाची परीक्षा आणि कोणाची कंबर धरलेली, हे सगळं सांभाळून महिन्याच्या ड्यूट्या लावायच्या, हे माझं काम. कशाही लावल्या तरी निम्म्या पोरींची तोंडं फुगतातच. त्या तक्त्यावर सगळ्यांची नावं असतात, फक्त माझं नसतं. इन्चार्जचं नाव पाळीत मांडायची पद्धतच नाही. ती असतेच. खाली सही करायची आणि तक्ता भिंतीला लावायचा, इतकी वर्षं हेच चाललंय.

रेल्वेचा हट्ट का, ते मी घरी कोणाला नीट सांगितलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं. आमच्या ड्यूटी रूममध्ये कुठल्याशा औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. त्याचं साल कधीच संपलं, पण एक पान मी कापून कपाटाच्या दाराला चिकटवलं. हिरवी शेतं, त्यातून जाणारी पांढरी लांब गाडी आणि मागे बर्फाची टोपी घातलेला फुजी. एखादा पेशंट गेला, नातेवाईक अंगावर धावून आले, डॉक्टर उगाच ओरडले, की मी हात धुऊन त्या दारासमोर उभी राहायचे. त्या गाडीत खिडकीशी बसलेल्या बाईला आत्ता कोणीही हाक मारत नसेल, असं मला वाटायचं. मला बाकी जपान नसतं दिसलं तरी चाललं असतं. मला ती खिडकी हवी होती.

टोकियोहून क्योटोला जाताना डोंगर उजव्या हाताला दिसतो, हे मी केव्हाच वाचून ठेवलं होतं. उजवीकडे दोन दोनच जागा असतात. त्यांच्याकडे सुट्टीचा हंगाम होता, म्हणून बुकिंग उघडलं त्याच सकाळी मी वॉर्डमध्ये चहाच्या वेळात मोबाइल घेऊन बसले. वन्संना खिडकी, नाहीतर मळमळतं. नवरा त्यांच्या शेजारी. पुढच्या रांगेत सूनबाईला खिडकी, कारण फोटो. तिच्या शेजारी मुलगा, कारण त्याला पाय लांब करायला वाटेकडची जागा लागते. सगळ्यांची सोय लागली, पैसे भरले आणि तिकिटांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. चौघांचेही अंगठे आले. वन्संनी तेवढं विचारलं, "खिडकी माझीच ना?" वॉर्डमध्ये बेल वाजली आणि मी उठले. इतकं समाधान मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

तर त्या रविवारी हिरोशिमावरून गाडी घसरली ती थेट खिडकीवर.

"आत्याला मागची खिडकी आणि मला पुढची, बरोबर?" सूनबाई म्हणाली. "पुढच्या खिडकीला मध्ये पट्टी येत असेल तर मी बदलून घेईन हं."

"मी नाही बदलणार," वन्सं म्हणाल्या. "मला मळमळतं."

"थांबा, वाचूनच दाखवते," मी वैतागून म्हटलं आणि मोबाइल उघडला. "मागे वन्सं खिडकीशी, शेजारी हे. पुढे सूनबाई खिडकीशी, शेजारी हा. झालं समाधान?"

"आणि तू?" मुलानं विचारलं.

मी पुन्हा वाचलं. मग बोटांवर मोजलं. मग मुलानं माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि त्यानं मोजलं.

"आई, चारच काढलीयेस तू!"

आधी वन्सं हसल्या, मग सगळेच हसले. "काय गं, एवढ्या वॉर्डच्या ड्यूट्या लावतेस आणि स्वतःलाच विसरलीस?" नवरा डोळे पुसत म्हणाला. मीही हसले. चूक माझीच होती, आणि कशी झाली हेही मला लगेच कळलं. मी तक्ता लावला होता. इन्चार्ज असतेच.

ओढा ओलांडून गेलेल्या मूर्खांची गोष्ट आहे ना, प्रत्येक जण स्वतःला सोडून बाकीच्यांना मोजतो आणि एक बुडाला म्हणून सगळे गळा काढतात, ती मला आठवली. आमच्याकडे निदान गळा तरी कोणी काढला असता, तर बरं वाटलं असतं. आठवडाभर ती तिकिटं चौघांच्या मोबाइलमध्ये होती. प्रत्येकानं आपापली जागा बघितली होती. मला मोजणं हे कोणाचं कामच नव्हतं. माझं हसू मध्येच बंद पडलं.

"आता त्याच गाडीत बघ एखादी जागा," नवरा म्हणाला.

ती गाडी भरली होती. पुढच्या गाडीत डावीकडे, तिघांच्या मधली एक जागा होती. उजवीकडे पाच जागा एकत्र कुठेच नव्हत्या.

"आपण सगळेच दुसऱ्या गाडीनं जाऊ," मुलगा म्हणाला. खरं सांगते, मला भरून आलं. पण त्याचं वाक्य संपायच्या आत सूनबाईनं विचारलं, "म्हणजे खिडक्या जाणार?" वन्सं म्हणाल्या, "डावीकडे बसले तर मला हमखास मळमळतं." नवरा म्हणाला, "आणि झालेलं बुकिंग मोडायचं म्हणजे पुन्हा सगळी कटकट." मग मुलगाच म्हणाला, "तसं आई, तू त्या मागून येणाऱ्या गाडीनं आलीस तरी काय बिघडतंय? थोड्या वेळाचा तर प्रश्न."

"काहीच नाही बिघडत," मी म्हटलं.

"बघ, आई किती समजूतदार आहे," वन्सं सूनबाईला म्हणाल्या. मला तो नकाशा टराटरा फाडावासा वाटला. मी त्याची घडी घातली.

मग मी दुसरीच गाडी शोधली. वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर थांबणारी, वेगवान गाड्यांना पुढे जाऊ देत रमतगमत जाणारी. तिच्यात उजव्या हाताला खिडकी रिकामी होती, शेजारची जागाही रिकामी.

मुलानं डोकावून बघितलं. "आई, ही कशाला? ही सगळीकडे थांबते. आम्ही पोचून किती वेळ तुझी वाट बघायची?"

"बघा."

"हॉटेलच्या खोल्या तुझ्या नावावर आहेत. आम्ही काय सामान घेऊन बाहेर बसायचं?"

"बसा," मी म्हटलं. "नाहीतर हॉटेलला तू फोन करून ठेव. नंबर ग्रुपवर टाकलाय मी."

माझं हे असलं बोलणं वॉर्डमधल्या पोरींनी ऐकलेलं असतं, घरात कोणी ऐकलं नव्हतं. सूनबाई हळूच चहा ठेवायला गेली, ती पहिल्यांदाच न सांगता.

थोड्या वेळानं बाकीचे बाहेरच्या खोलीत गेले, तेव्हा नवरा माझ्याजवळ येऊन बसला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी येऊ का गं तुझ्याबरोबर त्या गाडीनं?"

राग कसा पटकन उतरतो, याची मला लाज वाटली. "या की," मी म्हटलं. "शेजारची जागा रिकामी आहे."

"खिडकी?"

"खिडकी माझी."

त्यानं बाहेरच्या खोलीकडे मान वळवली. "नाही म्हणजे, ताई एकटी पडेल गं तिकडे."

"हं."

मी कपाटातून त्याच्या गोळ्यांची डबी आणली आणि त्याच्या हातात दिली. "क्योटोला जायच्या दिवशी ही तुमच्या खिशात राहू द्या. दुपारच्या जेवणाआधी पांढरी, नंतर पिवळी."

"ही तुझ्याकडेच असते नेहमी."

"त्या दिवशी नसेल."

तो डबी उघडून बघत राहिला, जणू या गोळ्या आजच पहिल्यांदा दिसल्या होत्या. मग, "आधी पांढरी, नंतर पिवळी," असं पुटपुटत बाहेर गेला. बाहेर हिरोशिमावरून पुन्हा सुरू झालं होतं. वन्संनी मला हाक मारली. मी गेले नाही.

मोबाइलवर अजून तोच प्रश्न थांबला होता, प्रवासी किती. मी एक लिहिलं. मग पुन्हा एकदा मोजलं, स्वतःला धरून. एकच होता.