धाकट्याचं अक्षर

एसी दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे थंडोबा म्हणत. खरं तर त्याच्यात थंड असं काही नव्हतं. उन्हाळा लागला की त्याच्या पायाला भिंगरी आणि जिभेला धार. हे नाव ठेवलं होतं त्याच्या धाकट्या भावानं, दुकानाची पाटी लावताना, निव्वळ गमतीनं. "एसीवाला म्हणजे थंडोबाच की दादा!" असं तो चार लोकांत म्हणाला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. नाव ठेवणारा मात्र सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात निघून गेला होता.

दोघांनी मिळून दहा वर्षं दुकान चालवलं. थोरल्याचा हात वेगाचा, धाकट्याचा नजाकतीचा. थोरला एका घरातून निघून दुसऱ्या घराची बेल वाजवायचा तेव्हा धाकटा पहिल्याच घरात फिल्टर सावलीत वाळत घालून घरच्या बाईला समजावत बसलेला असायचा, "दर पंधरा दिवसांनी नुसत्या पाण्यानं धुवा वहिनी, उन्हात ठेवू नका, वाकडा होतो." मशीन बंद करताना तो पुढच्या झाकणाच्या आत, डाव्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं तारीख घालायचा आणि खाली एखादी ओळ लिहायचा. 'पाइपला उतार कमी, पाणी तुंबेल.' 'बाहेरच्या युनिटसमोर कपडे वाळत घालतात, सांगितले.' अक्षर किंचित उजवीकडे झुकलेलं, आणि 'ळ'ची शेपटी उगाच लांब.

"परीक्षेचा पेपर लिहितोस का रे?" थोरला चिडवायचा.

"पुढच्या वेळी येणाऱ्याला कळायला नको?"

"पुढच्या वेळी पण आपणच येणार ना!"

भांडण झालं ते ऐन मे महिन्यात. एका घरातला एसी वर्षभरात तिसऱ्यांदा गार हवा देईना. त्या घरात एक आजारी म्हातारे गृहस्थ होते, उकाड्यानं कासावीस झालेले. थोरल्याला अजून अकरा घरं गाठायची होती. आधीच्या दोन वेळांसारखा त्यानं गॅस भरला आणि पिशवी उचलली. तेवढ्यात धाकटा घरमालकाला म्हणाला, "गॅस कुठून गळतोय ते आम्ही शोधलेलंच नाही. महिन्याभरात परत हेच होणार."

सगळ्यांसमोर. थोरल्याच्या कानशिलांत आग झाली. "दुकान माझं आहे," तो ओरडला. "माझी पद्धत पटत नसेल तर दुसरीकडे बघ."

आठवड्यानं धाकट्यानं आपल्या हत्यारांची पिशवी, बायको आणि चार वर्षांची मुलगी घेतली आणि तो गेला. पुढे त्याचा फोन नंबरही बदलला.

पहिले काही महिने थोरल्याचा राग उतरला नाही. मग एके दिवशी तो त्याच घरी पुन्हा गेला आणि पहिल्यांदाच शांतपणे, गळती शोधत सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावून बसला. त्यानंतर त्याची कामाची पद्धतच बदलली. तो घाई करीनासा झाला. उन्हाळा तोंडावर आला की ओळखीच्या घरांतून स्वतः होऊन फिरायचा, पाणी वाहून जायच्या पाइपातला शेवाळाचा चिकटा काढायचा, बाहेरच्या युनिटच्या जाळीतली धूळ धुवायचा आणि लोकांना सांगायचा, "अठरावर लावून ब्लँकेट कसली घेताय? पंचवीसवर ठेवा, मशीन पण जगेल आणि तुम्ही पण." लोक म्हणत, थंडोबा आता शोभतो नावाला.

आणि प्रत्येक जुन्या मशीनच्या झाकणाआडून धाकटा त्याच्याकडे बघायचा. तो ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढायचा, डावा कोपरा तेवढा सोडायचा. पण दरवर्षी ही घरं कमी होत चालली होती. लोक जुनी मशीनं काढून नवी घेत. एकदा भंगारात निघालेल्या एका मशीनचं झाकण त्यानं काढून घरी आणलं. चार दिवसांनी ते कपाटामागे बायकोच्या हाताला लागलं. तिनं कोपऱ्यातली ओळ वाचली, झाकण पुसलं आणि होतं तिथंच ठेवून दिलं.

यंदा एप्रिलच्या सुरुवातीला लायब्ररीवाल्या मावशींचा फोन आला. मावशी आता निवृत्त होत्या, एकट्या राहत. लहानपणी दोघं भाऊ त्यांच्या लायब्ररीत तासन् तास पडीक असायचे. धाकट्यावर त्यांचा भारी जीव.

"एसीत काहीतरी बिघाड आहे. आजच ये," मावशी म्हणाल्या.

तो गेला. मशीन लावून पाहिलं. हवा गार, आवाज नाही, पाण्याचा थेंब नाही. "मावशी, हा तर उत्तम चाललाय. बिघाड कसला?"

"तू उघड तरी."

त्यानं झाकण उघडलं. फिल्टर लख्ख होते. आतली जाळी स्वच्छ, धुळीचा कण नाही. त्याची नजर सवयीनं कोपऱ्यात गेली. तिथं जुन्या चार तारखा होत्या आणि त्यांच्याखाली पाचवी. ताजी. याच वर्षीची, फेब्रुवारीतली. 'पाइप मोकळा केला. मशीन अजून दहा वर्षं चालेल.' 'ळ'ची शेपटी लांब.

तो स्टुलावरून खाली उतरला आणि त्याच स्टुलावर बसला.

"आला होता?"

"मुलीच्या कसल्याशा स्पर्धेसाठी, एका दिवसापुरता. मला भेटायला आला आणि हात शिवशिवतात ना त्याचे, बसला उघडून. म्हणाला, दादाला सांगू नका. मी शब्द दिला, सांगणार नाही म्हणून." मावशींनी पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला. "दाखवणार नाही, असं काही मी म्हटलं नव्हतं."

"मग माझ्याकडे का नाही आला?" त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला.

"आला होता रे. दुकान बंद होतं. शेजारच्यानं सांगितलं, पुढच्या गल्लीत कामावर आहे. तिथं गेला तर तू शिडीवर. शिडीवरच्या माणसाला हाक मारू नये, असं तूच म्हणे त्याला शिकवलंयस. अर्धा तास समोरच्या पायरीवर बसला. मग गाडीची वेळ झाली." मावशींनी त्याच्या हातातला ग्लास परत घेतला. "दादाचे केस फार पांढरे झालेत, म्हणाला. चष्मा लागला का विचारत होता."

फेब्रुवारीतला तो दिवस कुठला, हे थंडोबाला काही केल्या आठवेना. किती दिवस, किती शिड्या. एकदा मागे वळून बघितलं असतं तर! मावशींनी न मागता एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला.

दोन दिवस ती चिठ्ठी त्याच्या खिशात फिरली. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "शर्ट धुवायला टाकायचाय. नंबर तरी लावा, नाहीतर चिठ्ठी तरी काढा."

दुपारी दुकानात कोणी नसताना त्यानं नंबर लावला. पलीकडे ड्रिलचा आवाज येत होता.

"हॅलो, कोण?"

बोलायची वाक्यं त्यानं मनात जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आलं नाही. "मी," तो म्हणाला.

ड्रिल थांबलं. "दादा?"

"त्या दिवशी लीक शोधायला पाहिजे होता."

मग धाकटा हळूच म्हणाला, "बाहेरच्या युनिटच्या जोडावर होता ना?"

"तिथंच. फेस लावल्या लावल्या बुडबुडे आले."

"मला वाटलंच होतं."

"सांगायला हवं होतंस."

"ऐकत होतास का तू?"

थोरला हसला आणि हसता हसता त्याला चष्मा काढावा लागला. मग दोघं कितीतरी वेळ बोलत राहिले. कुठल्या कंपनीचे पंखे लवकर जातात, नवा गॅस कसा आहे, तिकडच्या पाण्यात क्षार किती. मुलगी उंच झालीय, आजीसारखं नाक आहे, असं धाकट्यानं सांगितलं. थोरल्याच्या डोळ्यांपुढे चार वर्षांचीच पोर येत राहिली.

"कधी येतोस?" शेवटी त्यानं विचारलं.

"आत्ता कसा येणार दादा? दिवसाला दहा-दहा घरं आहेत. तू ये."

"माझ्याकडे पण तेच रे."

पलीकडे कुणीतरी धाकट्याला हाक मारली. "पाऊस पडला की बघू," तो म्हणाला. "ठेवू?"

"ठेव," थोरला म्हणाला, पण दोघांनीही लगेच ठेवला नाही.

मग त्यानं शिडी खांद्यावर घेतली आणि बाहेर आला. रस्ता तापून पांढरा झाला होता. इतकी वर्षं तो उन्हाळ्याची वाट बघत आला होता. हा उन्हाळा कधी सरेल, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. पावसाला अजून दोन महिने होते.