जिभेखालची गोळी

“वजन छान भरलंय बाळाचं,” नर्सबाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच आवाजातल्या उत्साहानं ओशाळल्या. बाळाची आई जाऊन अकरा दिवस झाले होते. पण बाळ यादीवर होतं, घरभेट चुकवता येत नव्हती.

“भरणारच. वेळेवर बाटली देते मी,” आजी दुपटं आवळत म्हणाली.

ही आजी म्हणजे गेलेल्या मुलीची आई. मुलगी हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला होती. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून पाठ धरली, पाठीसाठी दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढे पाठ सुटली, गोळ्या सुटेनात. दिवस राहिले तशी ती आपणहून उपचार केंद्रात गेली. तिथं तलफ आवरणारी गोळी मिळे, रोज जिभेखाली ठेवायची. त्या गोळीच्या आधारानं तिनं बाळंतपण धडपणे पार पाडलं.

शेवटच्या भेटीत ती नर्सबाईंना सोडायला दारापर्यंत आली होती.

“बाई, अंग पुन्हा त्या गोळ्या मागायला लागलंय. कुणाला सांगितलं तर बाळ काढून घेतील का हो?”

नर्सबाईंना अजून तीन घरं गाठायची होती. “काहीतरीच काय! बाळाकडे बघ, सगळं विसरशील,” म्हणत त्या जिना उतरल्या.

त्या भेटीनंतर पाचव्या दिवशी ती न्हाणीघरात सापडली. ओठ निळे, श्वास थांबलेला. गोळ्या त्या जुन्याच, पाठदुखीच्या; घेतल्याही जुन्याच मापानं.

“ती जिभेखालची गोळी मीच बंद केली,” आजी एकाएकी म्हणाली. “मांडीवर लेकरू आणि तोंडात नशा, शोभतं का? पाकीट कचऱ्यात टाकलं, बाळाची शपथ घातली. बिचारीनं मुकाट ऐकलं.” तिनं नर्सबाईंचं मनगट धरलं. “बरोबरच केलं ना मी? आधीच बंद केली असती तर जगली असती ना?”

हो म्हणणं सोपं होतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत नर्सबाईंनी असे कितीतरी हो वाटले होते.

“नाही हो ताई. ती नशा नव्हती, औषध होतं. ते तुटलं म्हणून तलफ उसळली. आणि शरीराची सवय मोडली होती, जुनं माप झेपलं नाही. तिनं मला विचारलं होतं. मी थांबले नाही.”

आजी रडली नाही.

“मग हे मला तेव्हा का नाही सांगितलंत? दर पंधरवड्याला यायचात की.”

आजीनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं, आत गेली आणि नळ पूर्ण सोडला. बादली भरून वाहू लागली तरी नळ चालूच होता. बाळाचं डोकं तळहातावर तोलून नर्सबाई तशाच बसून राहिल्या.